प्रभुभोजनाआधी स्वतःची परीक्षा : नेमके काय तपासायचे?

नवापूर-चिंचपाड्यापासून भुसावळपर्यंत खान्देशातल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा असतो. त्या दिवशी दोन गोष्टी हमखास दिसतात. प्रवचन संपून मेजावरचे पांढरे कापड बाजूला झाले की काही जण हळूच उठून बाहेर पडतात, किंवा भाकरीचे ताट समोर आले की ते तसेच शेजाऱ्याकडे सरकवतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘आपली तेवढी लायकी नाही.’ त्याच वेळी, बांधाच्या वादापायी वर्षानुवर्षे बोलचाल नसलेले दोन सख्खे भाऊ एकाच छताखाली बसून निश्चिंतपणे भाकर घेतात, प्याला घेतात आणि एकमेकांची नजर चुकवून घरी जातात.

दोघांनीही एकच वचन ऐकलेले असते : माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे, त्या प्याल्यातून प्यावे. पहिल्याला ते पापांच्या हिशेबाचे वचन वाटते. दुसऱ्याला वाटते की दोन मिनिटे डोळे मिटले की ते पाळले गेले. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात हे वाक्य येते. ते ज्या भांडणाबद्दल लिहिले ते नीट वाचले तर पहिला विनाकारण उपाशी राहतो आहे हे कळते. दुसऱ्याने तर ज्याची परीक्षा करायची तेवढेच नेमके वगळले आहे.

मुळात प्रभुभोजन म्हणजे काय

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडली, प्याला दिला आणि ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ असे सांगितले. मंडळी तेव्हापासून ते करत आली आहे. कॅथलिक लोक त्यासाठी मिस्साला जातात आणि ख्रिस्तशरीर स्वीकारतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या उपासनेत त्याला पवित्र सहभागिता म्हणतात. अलायन्स आणि इतर इव्हँजेलिकल मंडळ्यांत प्रभुभोजन हा शब्द रुळला आहे. या लेखात तोच वापरला आहे.

त्या रात्री मेजावर कोण होते हे लक्षात ठेवायला हवे. बायबलमधल्या लूकाच्या वृत्तांतात भाकर आणि प्याला दिल्यानंतर येशू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारणारा पेत्रही तिथेच होता. बाकीचे काही तासांत पळून जाणार होते. लायकी हीच अट असती तर त्या रात्री येशूला एकट्याने जेवावे लागले असते.

करिंथात काय बिघडले होते

करिंथ हे ग्रीसमधले बंदराचे, व्यापाराचे शहर. रोमनांनी ते उद्ध्वस्त केले आणि पुढे इ.स.पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने पुन्हा वसवले. पौल तिथे साधारण इ.स. ५० ते ५२ या काळात दीड वर्ष राहिला आणि नंतर काही वर्षांनी इफिसहून त्याने हे पत्र लिहिले. मंडळीत गुलाम होते, मजूर होते, आणि थोडे खात्यापित्या घरचेही होते. पौलाच्याच रोमकरांस पत्राच्या शेवटी एरास्त नावाच्या शहराच्या खजिनदाराचा उल्लेख येतो. तेव्हा चर्चची इमारत नव्हती. ज्याचे घर मोठे, त्याच्याकडे सगळे जमत. भाकर-प्याला हा पूर्ण जेवणाचाच भाग होता.

रोमन धाटणीच्या श्रीमंत घरात जेवणाच्या खोलीत तीन बाजूंना तीन बैठकी असत आणि त्यावर साधारण नऊ माणसे मावत. बाकीच्यांची सोय अंगणात. पाहुण्याच्या प्रतिष्ठेप्रमाणे वेगवेगळे अन्न वाढणे ही त्या समाजात सर्रास चालणारी रीत होती. शिवाय गुलामाला आणि मजुराला स्वतःच्या वेळेचा मालक होता येत नसे. काम सुटेल तेव्हा तो येणार. तोवर आतल्या खोलीतल्यांचे जेवण उरकलेले असे. पौल स्पष्ट लिहितो की एक जण भुकेला राहतो आणि दुसरा झिंगतो.

लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी वाढत असताना पहिल्या पानावरचा माणूस शेवटच्या पानापर्यंत वाढून होईतो घासाला हात लावत नाही, हे खान्देशात कोणाला शिकवावे लागत नाही. आता समजा यजमानाच्या जवळच्या चार घरांनी मजूर शेतातून यायच्या आतच बट्ट्या, तूप, वांग्याची भाजी संपवली, आणि मागून आलेल्यांना रिकामी पातेली दाखवून म्हटले, ‘या, बसा, आपण सगळे एकच.’ करिंथात हेच चालले होते, आणि तेही येशूच्या नावाने. म्हणून पौल त्यांना सांगतो की तुम्ही जमून जे जेवता ते प्रभूचे भोजन नव्हेच. जवळ काही नाही अशांना तुम्ही खाली पाहायला लावता आणि देवाच्या मंडळीला तुच्छ लेखता. परीक्षेचे वाक्य याच परिच्छेदात येते.

‘अयोग्य रीतीने’ खाणे

पौलाचा इशारा खाण्याच्या रीतीबद्दल आहे. अमुक माणूस मेजाला लायक आणि तमुक नालायक अशी वाटणी तो करत नाही. कशा रीतीने खाता, असे तो विचारतो. दुसऱ्याला उपाशी ठेवून खाणे, त्याला मेजाबाहेर समजून खाणे, ही ती अयोग्य रीत. परीक्षा कर आणि मग खा, हा त्याच्या वाक्याचा क्रम आहे. परीक्षा कर आणि घरी जा, असे त्याने म्हटलेले नाही. मेजापासून दूर राहण्याला आपल्याकडे नम्रता समजतात. पण महिनोन्महिने ताट पुढे सरकवणारा माणूस ज्या कृपेने सावरायचे तीच नाकारत असतो, असे मला वाटते. पाळकांनी त्याच्या घरी जाऊन त्याची भीती समजून घ्यायला हवी.

त्यानंतरचे वाक्य जास्त अवघड आहे : जो शरीर न ओळखता खातो-पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. हे कोणते शरीर? मंडळीच्या इतिहासात दोन उत्तरे चालत आली आहेत. एक, भाकरीत दिलेले ख्रिस्ताचे शरीर, म्हणजे हे साधे खाणे नव्हे याचे भान. दुसरे, ख्रिस्ताचे शरीर म्हणजे मंडळी. दहाव्या अध्यायात पौल म्हणतो की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर आहोत. बाराव्या अध्यायात हात, पाय, डोळा, कान असे शरीराचे सगळे अवयव तो मोजतो. त्यामुळे मधल्या अकराव्या अध्यायातून मंडळी हा अर्थ वगळणे कठीण आहे. दोन्ही अर्थ एकत्र धरले तरी काही बिघडत नाही : भाकरीपुढे गुडघे टेकायचे आणि ती घेणारा शेजारीही ओळखायचा.

परीक्षा कशी करायची

रविवारी सकाळच्या दोन मिनिटांच्या शांततेत ही परीक्षा होत नाही. ज्याच्याशी बिनसले तो तिथे नसतो, असला तरी त्याच्याशी बोलायची ती वेळ नसते. म्हणून प्रभुभोजनाची घोषणा निदान आठवडाभर आधी व्हावी, आणि तिच्यासोबत ‘या आठवड्यात ज्याच्याकडे जायचे त्याच्याकडे जाऊन या’ असेही सांगितले जावे. मत्तय पाचव्या अध्यायात येशूने हाच क्रम दिला आहे. अर्पण वेदीजवळ ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. तिथे ‘तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर’ असे म्हटलेले नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर, असे म्हटले आहे.

आठवड्याच्या सुरुवातीला स्वतःला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. मंडळीत असा कोण आहे, जो आला की मी दुसऱ्या बाजूला बसतो? मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या निवडणुकीत मी कोणाबद्दल काय बोललो, आणि ते खरे होते का? कोणाची मजुरी, कोणाची उसनवारी माझ्याकडे अडकली आहे? मावची, भिल, पावरा किंवा माझ्याहून वेगळ्या जातीतून आलेल्या विश्वासणाऱ्याच्या घरी मी पाणी पितो का, की एकी फक्त चर्चच्या कंपाउंडपुरती आहे? यातल्या शेवटच्या प्रश्नावरून प्रवचनात फार क्वचित बोलले जाते. करिंथाच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रश्न मात्र तोच आहे.

मग जायचे. पहिल्यांदा एकट्याने. सोबत चार जण नेले की समोरच्याला पंचायत बसली असे वाटते आणि तो अंग चोरतो. आपली चूक नाव घेऊन सांगायची : ‘मी तुझ्याबद्दल अमुक बोललो, ते चुकीचे होते.’ त्या वाक्यानंतर ‘पण’ आला की माफी संपली आणि वाद सुरू झाला. आणखी एक गोष्ट हमखास बिघडते. समोरच्याला आपण दुखावल्याचे माहीतही नसते आणि आपण जाऊन ‘मी तुला माफ केले’ म्हणतो. त्याला तो आरोपच वाटतो. अशी क्षमा देवापुढे मनातच करावी आणि त्याच्याशी मोकळेपणाने बोलायला लागावे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्वांना उद्देशून ‘काही चुकले असेल तर क्षमा करा’ असे लिहिणे म्हणजे कोणालाच काही न सांगणे. चर्चच्या पायरीवर, घंटा होत असताना केलेले हस्तांदोलनही तसेच. समोरच्याला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नसते.

जिथे जमीन किंवा पैसा आहे तिथे शब्द पुरत नाहीत. १६६२च्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाची सूचना देताना नुकसानभरपाई करायची तयारी ठेवा असे स्पष्ट बजावले आहे. लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय चौपट परत करायला उठला होता. बांधाचा वाद असेल तर दोघांनी मिळून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, फी निम्मी-निम्मी भरावी आणि खुणा निघतील त्या मान्य करू असे आधीच एकमेकांना सांगावे. भाऊबंदकीत ‘मोजणी मागितली’ हाच अपमान समजला जातो. दोघांच्या सहीने अर्ज गेला तर ती धार जाते. देणे एकरकमी फिटत नसेल तर हप्ते आणि तारखा कागदावर लिहाव्यात. पहिला हप्ता रविवारच्या आत द्यावा.

‘पण आजारपण, मरण असे लिहिले आहे ना?’

लिहिले आहे. तुमच्यात पुष्कळ जण अशक्त आणि आजारी आहेत, काही जण मरण पावले आहेत, असे पौल म्हणतो. हे वाचून कित्येक घरांत आजारी माणसाला प्रभुभोजन नको असे ठरवतात, किंवा कोणी आजारी पडले की त्याने अयोग्य रीतीने घेतले असणार अशी कुजबुज होते. दोन्ही चूक. पौल एका विशिष्ट मंडळीच्या विशिष्ट वागण्याबद्दल बोलतो आहे, आणि लगेच पुढे सांगतो की ही प्रभूची शिस्त आहे, जगाबरोबर आपला नाश होऊ नये म्हणून. कोण का आजारी पडला हे ठरवायचा अधिकार त्याने शेजाऱ्याला दिलेला नाही. आजारी माणसाला तर भाकर घरी नेऊन द्यायची रीत फार जुनी आहे. इ.स. १५५च्या सुमारास रोममध्ये ख्रिस्ती लेखक हुतात्मा जस्टिनने लिहून ठेवले आहे की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकर आणि द्राक्षारस पोचवत.

‘म्हणजे खाजगी पापांचा विचार नकोच?’

हवा. याच पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल उघड आणि निर्ढावलेल्या पापात राहणाऱ्याबरोबर जेवूसुद्धा नका म्हणतो. कॅथलिक शिस्तीत गंभीर पाप मनावर असेल तर आधी धर्मगुरूपुढे कबुली द्यावी लागते. मिस्सात ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी निदान १ तास उपास असतो. पाणी आणि औषध चालते, आणि वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना सूट आहे. प्रॉटेस्टंट उपासनेत सगळे मिळून पापांगीकार, म्हणजे पापांच्या कबुलीची प्रार्थना, म्हणतात. दारू, व्यभिचार, लाच हे सगळे परीक्षेत येतेच. माझे म्हणणे इतकेच की ते तपासून झाले म्हणजे परीक्षा पूर्ण झाली असे नाही. पौलाने ज्यासाठी हा विषय काढला तो भाग अजून शिल्लक राहतो.

‘मी गेलो, त्याने दारच उघडले नाही’

असे होते, वारंवार होते. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात शब्द मोजून वापरले आहेत : साधेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहा. वर सांगितलेल्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकाने पाळकांना यासाठी थेट नियम दिला आहे. दोघांत वैर असेल आणि एक जण मनापासून क्षमा करायला व आपले चुकले ते भरून द्यायला तयार असेल, पण दुसरा हट्टाला पेटला असेल, तर तयार असलेल्याला मेजावर घ्यावे आणि हट्टी माणसाला थांबवावे. आपल्याकडे बऱ्याचदा उलटे घडते. हट्टी माणूस पंच किंवा मोठा देणगीदार असतो म्हणून त्याला कोणी काही म्हणत नाही, आणि मनाने सरळ असलेला संकोचाने मागे राहतो.

‘अन्याय माझ्यावर झाला आहे’

एकीच्या नावाखाली सोसणाऱ्याला गप्प बसवणे हा या शिकवणीचा सर्वांत वाईट वापर आहे. नवरा मारतो, सासरी छळ होतो, मजुरी बुडवली जाते, मुलीशी कोणी गैर वागतो, अशा वेळी ‘प्रभुभोजनाच्या आधी मिटवून टाका’ म्हणणे म्हणजे करिंथातल्या आतल्या खोलीची बाजू घेणे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या आहेत : आधी एकट्याने, मग दोघे-तिघे साक्षीदार, मग मंडळीपुढे. पण ज्याच्याकडे एकट्याने जाणे धोक्याचे आहे त्याच्याकडे जाण्याची सक्ती या वचनातून काढता येत नाही. गुन्हा असेल तिथे पोलिसांत जावे. तक्रार करणारी स्त्री मनात सूड न धरता तक्रार करू शकते आणि स्वच्छ मनाने भाकरही घेऊ शकते. थांबवायचे असेल तर मारणाऱ्याला थांबवावे.

‘मग कॅथलिक आणि आपण एकत्र का घेत नाही?’

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात एकाच कुटुंबात दोन-तीन चर्चचे लोक असतात, आणि लग्नाच्या मिस्सात हा प्रश्न उभा राहतो. कॅथलिक समजुतीप्रमाणे ख्रिस्तशरीर स्वीकारणे म्हणजे त्या चर्चशी पूर्ण एकी आहे असे जाहीर करणे. ती एकी अजून झालेली नाही, म्हणून इतरांना सहसा दिले जात नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्या बहुधा म्हणतात की मेज प्रभूचा आहे, बाप्तिस्मा झालेल्या विश्वासणाऱ्याने यावे. एका बाजूला मेज हे एकीचे फळ, दुसऱ्या बाजूला एकीकडे नेणारी वाट.

हा वाद जुना आहे. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग येथे लूथर आणि झ्विंगली या प्रॉटेस्टंट सुधारकांचे १५ पैकी १४ मुद्द्यांवर जमले. अडले ते प्रभुभोजनावर, ख्रिस्त भाकरीत शरीराने कसा हजर असतो या प्रश्नावर. उलट भारतात २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. लहान मुलांचा बाप्तिस्मा मान्य असलेले आणि फक्त मोठ्यांचा मान्य असलेले, दोघेही त्यात एका मेजावर आले. म्हणजे मतभेद असून एक मेज शक्य आहे, पण त्याला बरीच वर्षे बोलणी लागतात. तोवर नातेवाइकाच्या मिस्सात जागेवर बसून प्रार्थना करण्यात कमीपणा मानू नये, आणि न दिल्याबद्दल यजमानांवर रुसूही नये.

भाकर, प्याला आणि वेळ

एकीचा प्रश्न मेज मांडण्यापासूनच सुरू होतो. कॅथलिक मिस्सात भाकर फक्त गव्हाची आणि द्राक्षारस द्राक्षांचाच लागतो. इतर बहुतेक मंडळ्या न आंबवलेला रस वापरतात, आणि आपल्या भागात त्याला भक्कम कारण आहे. मोहाची दारू सोडून आलेले कित्येक जण मंडळीत आहेत. त्यांच्यासाठी एक घोटही धोक्याचा. सर्वांना घेता येईल असेच प्याल्यात असावे.

५० जणांना लहान कपात १० मिलीप्रमाणे ५०० मिली रस पुरतो. २५० ग्रॅम काळ्या मनुका धुऊन १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, त्याच पाण्यात १५ ते २० मिनिटे मंद उकळायच्या, कुस्करून पातळ फडक्यातून गाळायच्या. थोडा जास्तच रस निघतो, तो आजाऱ्यांसाठी ठेवावा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हा रस फ्रिजबाहेर राहिला तर दुसऱ्या दिवशी फेस धरतो आणि आंबतो. म्हणून शनिवारी करून थंड ठेवावा किंवा रविवारी पहाटे करावा. भाकरीचे तुकडे आधी मोजून कापले तरी एक अख्खी भाकर सर्वांसमोर मोडावी, म्हणजे ‘भाकर एक’ हे डोळ्यांना दिसते.

आणि वेळ. परीक्षेच्या त्या सगळ्या परिच्छेदानंतर पौल शेवटी अगदी साधी सूचना देतो : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. रावेर-यावलला केळीची कापणी आणि ट्रक भरणे रविवार पाहत नाही. नंदुरबार-धुळ्याकडची किती तरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सकाळी नऊची भक्ती आणि पहिला रविवार हे पवित्र शास्त्रात कुठे लिहिलेले नाही. मजूर जास्त असलेल्या मंडळीने प्रभुभोजन संध्याकाळच्या भक्तीत ठेवावे. ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आदल्या रविवारी एकदा आणि त्या परतल्यावर पहिल्या रविवारी पुन्हा एकदा मेज मांडावा, मग तो महिन्याचा कितवाही रविवार असो.